तळच्या चार ओळी

मासिक बंद करायचं की चालू ठेवायचं, याचा निकाल त्या दुपारी लागायचा होता. सासऱ्यांनी घालून दिलेल्या रिवाजाप्रमाणे तो छापखान्यातच, कागद कापायच्या लांबलचक टेबलाभोवती बसून लागायचा होता. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचे नियम अजून ठणठणीत होते. नवं यंत्र घ्यायचं असो की भिंतींना कुठला रंग द्यायचा ते असो, घरातली प्रत्येक गोष्ट या टेबलाशी हात वर करून ठरायची, आणि सुनांनाही मत असायचं. त्या काळात हे फार पुढारलेपणाचं समजलं जाई आणि सासरे ते चारचौघांत आवर्जून सांगत. सुनांची मतं काय आहेत हे विचारायचं मात्र त्यांच्याकडून राहूनच गेलं होतं.

वहिनी, म्हणजे घरातली थोरली सून, सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. मासिक बंद पडलं तर त्यांची बोलायची एकुलती एक जागा जाणार होती. आणि त्या जागेचा पत्ता आज सगळ्यांना लागला, तर नवऱ्यासमोर उभं राहायची सोय उरणार नव्हती.

मासिक कसलं होतं, हे घरात कोणी मोठ्याने म्हणत नसे. मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात ‘फक्त प्रौढांसाठी’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असायचं आणि त्याखाली एखादी बाई वाचकाकडे पाठ करून, मान वळवून बघत असायची. एरवी छापखान्यात भूगोलाची पुस्तकं आणि लग्नाच्या पत्रिका छापल्या जात. महिन्यातून एकदा खिडक्या लावून मासिक छापलं जाई. सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या आई, त्याला नुसतं ‘ते’ म्हणत. ‘ते’ गेलं का मशीनवर, एवढंच विचारत आणि उत्तर न ऐकता स्वयंपाकघरात जात.

वीसेक वर्षांपूर्वी सासऱ्यांची नजर अधू झाली, तेव्हा प्रुफं तपासायचं काम वहिनींकडे आलं. काम देताना सासरे म्हणाले होते, “सूनबाई, तू वेलांट्या बघ. मजकुराकडे बघू नकोस.” वहिनींनी मान डोलावली आणि पहिल्याच दिवशी मजकूर दोनदा वाचला.

सासऱ्यांचा आणखी एक नियम होता. गोष्ट पानाच्या तळाला टेकली पाहिजे. दुसऱ्या मासिकांत गोष्ट मध्येच संपली की खाली विनोद नाहीतर औषधी सल्ला टाकून पान भरतात, त्याला पानपूरक म्हणतात. सासऱ्यांना ते मुळीच खपत नसे. “वाचक रंगात आलेला असतो, आणि तुम्ही त्याला खाली बद्धकोष्ठावर इलाज सांगता?” असं ते म्हणत. कोरी जागाही चालत नसे, कारण कोऱ्या जागेने माणूस भानावर येतो. म्हणून गोष्ट कमी पडली की प्रुफं तपासणाऱ्यानेच तिला चार ओळी जोडून तळाला नेऊन टेकवायची, असा या छापखान्याचा शिरस्ता होता. सासरे स्वतः ‘आणि चंद्र ढगाआड गेला’ एवढ्यावर भागवत. त्यांच्या काळात चंद्र दरमहा पाच-सहा वेळा ढगाआड जायचा.

वहिनींनी चंद्राला सुट्टी दिली. त्यांच्या हातात जागा आली तेव्हा त्यांना वाटलं, या बाईला आता काय हवं असेल? आणि त्यांनी ते लिहिलं.

हे घरात कोणालाही माहीत नव्हतं. निदान वहिनींची तशी खात्री होती.

एकेक जण आला. धाकटे दीर आले. ते मासिकाचे संपादक, आणि घरीदारी त्यांना सगळे संपादकच म्हणत. त्यांच्या मागून त्यांची बायको, म्हणजे धाकटी, आली. ती शाळेत शिकवत होती आणि पुढच्या महिन्यात मुख्याध्यापिका होणार होती. आई आल्या आणि पंख्याखालची खुर्ची पाहून बसल्या. थोरले, म्हणजे वहिनींचे यजमान, आतल्या खोलीतून हात पुसत आले. संगणकावर पानं जुळवणं आणि यंत्र चालवणं ही त्यांची कामं. बोलणं हे त्यांचं काम नव्हतं.

संपादकांनी सोबत एक पाहुणी आणली होती. ही संशोधक बाई गेले काही महिने छापखान्याच्या पुढच्या खोलीत बसून मासिकाचे जुने अंक वाचत होती. अशा मासिकांतून माणसांची नाती आणि मनातल्या इच्छा कशा बदलत गेल्या, यावर ती पुस्तक लिहीत होती.

“यांना मत नाही,” धाकटी लगेच म्हणाली.

“मत नाही, पण माहिती आहे,” संपादक म्हणाले. “आपण काय बंद करायला निघालोय, ते तरी कळू दे सगळ्यांना.”

“मला कळलेलं आहे. शाळेत मुलांच्या दप्तरांत सापडतं आणि जप्त होऊन माझ्या टेबलावर येतं. मागच्या पानावर पत्ता कोणाचा? माझ्या घरचा. उद्या मी त्या खुर्चीवर बसून मुलांना काय सांगू? हे वाचू नका, आमच्याकडे याहून चांगले अंक आहेत?”

“तसे आहेतच,” संपादक पुटपुटले.

आई म्हणाल्या, “भांडू नका. त्या बाईंना बोलू द्या. इतके दिवस आमच्याकडचा चहा पितायत, कशासाठी ते तरी कळेल.”

संशोधक बाईने अंकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. ती वयाने लहान होती आणि अजिबात लाजत नव्हती.

“अगदी सुरुवातीच्या गोष्टींत मला एक गंमत दिसली,” ती म्हणाली. “त्यांत दोन पानं दार लावण्यात जातात. कडी नीट बसली का, फटीतून दिसतं का, शेजारच्या खोलीत कोण खोकलं. बाकीचं सगळं अर्ध्या पानात उरकतं. तेव्हा माणसांचं स्वप्न बाई नव्हतं. स्वतःची खोली हे स्वप्न होतं.”

आई एकदम हसल्या. “खरंय. आम्ही चौदा माणसं होतो तीन खोल्यांत. ह्यांच्या सगळ्या गोष्टींत कडी असायची आणि घरच्या दाराला मात्र कधी लावली नाही यांनी.”

“आई,” संपादक कळवळून म्हणाले.

“काय आई? तू काय कुरिअरने आलास?”

धाकटीने तोंडावर रुमाल धरला. वहिनींना हसू आलं, पण ते अर्ध्यावरच विरलं, कारण संशोधक बाई पुढच्या अंकांकडे वळली होती.

“मग बायका बोलायला लागल्या. त्या स्वतः गाडी चालवतात, मोठ्याने हसतात, नको असेल तर नको म्हणतात. पुरुष घाबरतात आणि त्यांना ते आवडतं. हा दुसरा काळ. पण मला सगळ्यात नवलाचा वाटला तो तिसरा, गेल्या वीस वर्षांचा. ऐका.”

तिने एक अंक उघडला. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

“ही जहाजाच्या कप्तानाची गोष्ट. वादळ, केबिन, एकटी प्रवासी बाई. तीन पानं जे व्हायचं ते होतं. आणि शेवट असा आहे. ‘मग तो उठला. आपटणारी खिडकी त्याने न सांगता लावली. परत आल्यावर तो म्हणाला, मी घोरतो, म्हणून कुशीवर झोपतो. तिने इतका देखणा पुरुष कधी पाहिला नव्हता.’”

धाकटीने खुर्ची पुढे ओढली.

“हा दरोडेखोर,” संशोधक बाईने दुसरा अंक घेतला. “जंगलात तंबू, वगैरे. शेवटी तो तिचे कपडे घडी घालून ठेवतो, स्वतःचे उचलतो, आणि विचारतो, मघाशी तू काहीतरी सांगत होतीस, ते राहिलं का? आणि हा दीपगृहाचा रखवालदार. रात्रभर समुद्र गर्जतो. पहाटे तिला जाग येते, तर त्याने सगळी भांडी घासून पालथी घातलेली आहेत. या अंकानंतर वाचकांची इतकी पत्रं आली की रखवालदाराच्या आणखी तीन गोष्टी काढाव्या लागल्या.”

“खरंच भांडी?” धाकटीने विचारलं. तिचा रुमाल खाली आला होता.

“कढईसकट.”

धाकटी अंक घेऊन स्वतः वाचायला लागली. आईंनी हात पुढे करून दरोडेखोर मागून घेतला. वहिनींना वाटलं, आता जमिनीत खड्डा पडला तर बरं. त्या थोरल्यांकडे बघायचं टाळत होत्या. थोरले टेबलावरचा एक कागदाचा तुकडा बोटाने सरळ करत होते, आणि तो आधीच सरळ होता.

“हे शेवट मूळ लेखकांचे नाहीत,” संशोधक बाई म्हणाली. “वाक्यांची चाल वेगळी आहे. लेखक वीस-पंचवीस असतील, पण शेवट सगळे एकाच माणसाचे आहेत. आणि मासिक या काळात खपलं ते या शेवटांवर. पत्रांत दुसरं काही नसतंच. कोण लिहितं ते?”

संपादकांनी घसा खाकरला. वहिनींना पुढचं कळलं आणि त्यांना सुटल्यासारखंही वाटलं आणि चीडही आली.

“संपादकीय संस्कार म्हणतात याला,” संपादक नम्रपणे म्हणाले. “मी त्याचा कधी गाजावाजा केला नाही.”

धाकटीने अंक मिटला.

“तुम्ही लिहिलंत हे?”

“म्हणजे, माझ्या नजरेखालून…”

“भांडी घासणारा रखवालदार तुम्हाला सुचला?”

“कल्पनाशक्ती असते माणसाला.”

“अहो, आपल्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. तुम्हाला घरात कढई कुठे असते हे माहीत आहे का?”

संपादकांनी आईंकडे पाहिलं. आई दरोडेखोर वाचण्यात गढल्या होत्या.

“मी बंदच्या बाजूने होते,” धाकटी म्हणाली. “पण आता चालू ठेवायला माझी हरकत नाही. फक्त यापुढे जे छापाल ते आधी घरी करून दाखवायचं. आजपासून. कप्तानाने सुरुवात करा.”

“असं कसं? ते ललित आहे.”

“मग रखवालदाराची ती ओळ सांगा बरं. तुमचीच आहे ना. ती उठते तेव्हा तो काय करत असतो?”

संपादक आढ्याकडे बघू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, “दिवा लावत असतो.”

“पेला पुसत असतो,” थोरले म्हणाले.

ते इतक्या हळू म्हणाले की धाकटी आणि वहिनी सोडून कोणाच्या ध्यानातच आलं नाही. धाकटीला वाटलं, त्यांनी अंकात डोकावून पाहिलं असेल. पण अंक तिच्या हातात मिटलेला होता, आणि वहिनींच्या बोटाला गुंडाळलेला पदर तिथल्या तिथे थांबला.

“याने नाही लिहिलं,” आई मान वर न करता म्हणाल्या. “लहानपणी यालाच आंघोळीच्या पाण्याला हाक मारावी लागायची. हा कोणाची काय भांडी घासणार.”

“मग चालू ठेवण्यात काही अर्थ नाही,” धाकटी म्हणाली. “मी पुन्हा बंदच्या बाजूने.”

संपादक लाल झाले होते. वीस वर्षं ज्या पत्रांवर त्यांनी मान ताठ केली होती, ती पत्रं दुसऱ्याच कोणाला आलेली होती, हे त्यांना हळूहळू उमगत होतं. “मीही बंदच्या बाजूने,” ते म्हणाले. “माझं म्हणून जर यात काहीच नसेल, तर कशाला.”

“मी चालूच्या,” आई म्हणाल्या. “हा दरोडेखोर चांगला माणूस आहे. मला आधी कोणी सांगितलं का नाही?”

संशोधक बाईला या मतदानात रस नव्हता. ती आपल्याच विचारात होती.

“मला अजून एक गोष्ट सुटत नाही,” ती म्हणाली. “गोष्टी कमी पडतात म्हणून हे शेवट जोडतात, बरोबर? पण सुरुवातीचे थोडे अंक सोडून दर वेळी जोड चारच ओळींचा कसा? कधी तीन नाही, कधी पाच नाही. लेखक वेगळे, गोष्टी लहान-मोठ्या. गोष्टी अशा ठरवून कमी पडत नाहीत. पडल्या तर कोणीतरी त्या पाडतंय.”

वहिनींना हे माहीत होतं आणि तरी माहीत नव्हतं. पहिल्या पहिल्यांदा कधी दोन ओळींची जागा मिळायची, कधी सातांची. मग छापखान्यात संगणक आला आणि नेहमी चारच ओळी मिळू लागल्या. वहिनींनी त्याचं श्रेय संगणकाला देऊन टाकलं होतं. संगणक कोण चालवतं, हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता.

त्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. आता लपून राहण्यात त्यांना काडीचा रस उरला नव्हता.

“चारच का हो?” त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना वहिनींकडे वळल्या, तिथून थोरल्यांकडे गेल्या आणि परत आल्या. धाकटीचं तोंड उघडं राहिलं.

थोरल्यांनी कागदाचा तो तुकडा एकदाचा बाजूला ठेवला.

“तीनमध्ये तुझं मावत नव्हतं,” ते म्हणाले. “वाक्य अर्ध्यात तोडायला लागायचं तुला. पाच सोडल्या असत्या तर संपादकाच्या लक्षात आलं असतं.”

“आणि गोष्ट लांब असली तर?”

“ओळींमधलं अंतर केसभर आवळायचं. आखूड असली तर सैल सोडायचं. जमतं.”

“दर महिन्याला?”

“दर महिन्याला.”

वहिनींना भरून आलं. ज्या माणसाने त्यांना कधी गाडीत खिडकीपाशी बसायला जागा करून दिली नव्हती, त्याने इतकी वर्षं त्यांच्यासाठी पानावर जागा धरून ठेवली होती. घरात एकही शब्द न बोलता. त्यांचे डोळे चुरचुरले आणि त्यांना सासऱ्यांचा, छापखान्याचा, शाईच्या वासाचासुद्धा लळा वाटला. तो साधारण तेवढाच वेळ टिकला जेवढा वेळ पुढचा विचार यायला लागतो.

“म्हणजे तुम्ही वाचत होता,” त्या म्हणाल्या.

“सगळ्यांत आधी मीच.”

“आणि ते कोणासाठी लिहिलंय, हे कळत होतं?”

“न कळायला काय झालं?” थोरले म्हणाले. “कप्तान घोरतात, हे कोण लिहितं?”

आईंना ठसका लागला. संशोधक बाईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

“वीस वर्षं तुम्ही वाचताय,” वहिनी एकेक शब्द सावकाश म्हणाल्या, “की मला खिडकी लावलेली हवीये. कपडे उचललेले हवेत. कोणीतरी विचारायला हवंय, तू काय सांगत होतीस म्हणून. आपली खिडकी काल रात्रीही आपटत होती. मी उठून लावली. तुम्ही जागे होतात.”

“होतो.”

“मग एकदा तरी उठायचं होतं.”

थोरल्यांनी मान खाली घातली.

“आलं होतं मनात,” ते म्हणाले. “पुष्कळदा. पण वाटलं, मी उठलो तर तू लिहायची थांबशील. मग मी महिनाभर वाट कशाची बघायची?”

संपादकांनी हे वाक्य कुठेतरी वापरता येईल असा चेहरा केला आणि धाकटीने त्यांना कोपराने ढोसलं. वहिनींना नवऱ्याचा राग आला होता आणि त्यांच्यावर जीवही आला होता. यातलं काय आधी बाहेर काढावं ते त्यांना सुचेना. इतकी वर्षं आपण दीपगृहं आणि तंबू उभे केले ते एका माणसाला हलवण्यासाठी, आणि तो माणूस गोष्ट संपू नये म्हणून जागचा हलला नाही. असला भक्त वाचक कोणाला मिळाला नसेल, आणि असला नवरा कोणावर ओढवू नये.

“मत राहिलंय तुमचं, वहिनी,” संपादक दबक्या आवाजात म्हणाले. “आई चालूच्या बाजूने. आम्ही दोघं बंदच्या. दादा?”

“चालू,” थोरले म्हणाले. “अर्थातच.”

“म्हणजे दोन विरुद्ध दोन.”

सगळे वहिनींकडे बघत होते. आई तर डोळ्यांनी विनवत होत्या. सकाळीच वहिनींनी मनाशी पक्कं ठरवलं होतं की काही झालं तरी चालूच म्हणायचं.

“बंद,” वहिनी म्हणाल्या.

“अगं,” थोरले खुर्चीवरून अर्धे उठले. त्यांना कोणी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. “असं काय करतेस? मग मी वाचायचं काय?”

“वाचायचं झालं. वीस वर्षांचं काम साठलंय. आता ते करायला घ्या.”

“सगळं?”

“अगदी सगळं. कढईसकट.”

थोरले पुन्हा खाली बसले. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मदतीला कोणी येईना. धाकटी तर हात बांधून अशी बसली होती, जणू नाटकाचा पुढचा अंक सुरू व्हायचाय.

“कुठून सुरू करू?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच सांगा. पहिल्यांदा मी काय लिहिलं होतं?”

वहिनींना स्वतःला ते आठवत नव्हतं. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरल्यांना मात्र आठवायला वेळ लागला नाही.

“पहिल्यात तो काहीच करत नाही,” ते म्हणाले. “घोड्यांचा डॉक्टर आहे. नुसता तिच्याजवळ बसतो आणि विचारतो, आज काय काय झालं?”

“मग विचारा.”

“इथे? सगळ्यांसमोर?”

“डॉक्टरने तबेल्यात विचारलं होतं.”

थोरल्यांचे कान लाल झाले. त्यांनी खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून वहिनींच्या बाजूला आणून ठेवली आणि तिच्यावर बसले. शाईने काळी पडलेली बोटं कुठे ठेवावीत हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ती गुडघ्यांवर ठेवली.

“आज काय काय झालं?” त्यांनी विचारलं.

वहिनींनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि सकाळपासूनचं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. थोरले तिथेच होते आणि त्यांनी ते सगळं पाहिलेलं होतं, तरी ते मध्ये एकदाही बोलले नाहीत.